बंद पडलं की बंद पाडलं?

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर पडद्याकडे बघायला बंदी होती. आता डोळा बरा आहे, अक्षरं पुन्हा काळीभोर दिसताहेत, आणि बसले आहे ती चक्क भांडायला. ज्यांना माझ्याकडून प्रवासवर्णन किंवा उपवासाच्या थालीपिठाची कृती हवी असेल त्यांनी पुढच्या वेळी यावं :)

झालं असं. दिवाळीत धाकट्या जावेचा मुलगा आला होता. पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात आहे, गुणी मुलगा. माझ्या टेबलावरची जुनी सीडी हातात घेऊन म्हणाला, "काकू, अजून हे फ्लॅशचे धडे जपून ठेवलेत? अहो, फ्लॅश कधीच मेलं. टेक्नॉलॉजीचं असंच असतं. जुनी मरते, नवी येते. त्यात कुणाचा दोष नसतो."

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण ते शेवटचं वाक्य! चौतीस वर्षं मी मुलांना मराठी व्याकरण शिकवलं. वर्गात खिडकीची काच फुटली की मी विचारायची, काय झालं रे? उत्तर ठरलेलं: "बाई, काच फुटली." चौतीस वर्षांत एकही मुलगा "बाई, मी काच फोडली" असं आपणहून म्हणाला नाही. आपल्या भाषेत ही जोडी फार सुंदर आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे, पडणे-पाडणे. पहिल्यात गोष्ट आपली आपण घडते. दुसऱ्यात ती कुणीतरी घडवतं. आणि ज्याच्या हातात दगड असतो तो नेमका पहिलं क्रियापद निवडतो.

"फ्लॅश बंद पडलं" हे तसलंच वाक्य आहे. आज मला त्या वाक्यातला कर्ता शोधायचा आहे.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगते (अनुदिनीवाल्या मित्रांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल). नेटवर जे आपण बघतो ते दोन तऱ्हांनी येतं. एक म्हणजे खानावळीचा डबा. सगळं तिकडेच शिजतं, आपल्याकडे तयार पान येतं. दुसरी तऱ्हा म्हणजे शिधा. डाळ, तांदूळ, फोडणीचं साहित्य आपल्याकडे येतं आणि शिजतं आपल्याच घरात, आपल्याच यंत्रावर. मुलानं चित्रातली वस्तू ओढली की ती लगेच हलते, खेळात गाडी वळते, गणिताचं उत्तर तिथल्या तिथे तपासलं जातं, ते या दुसऱ्या तऱ्हेमुळे. पण शिधा शिजवायला चूल लागते. ब्राउझर (आम्ही एके काळी हौसेनं न्याहाळक म्हणायचो) आणि त्याच्या जोडीची फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट अशी नावं, या सगळ्या चुली. चूल आपल्या घरात असते, म्हणून आपल्याला ती आपली वाटते. ती आपली नसते. तिच्यावर कुठलं भांडं चढेल हे कुठल्यातरी कंपनीत बसलेले लोक ठरवतात.

माझं आणि फ्लॅशचं नातं सांगते. २००७ साली आमच्या शाळेत देणगीतून चार संगणक आले. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला सुट्टीत फ्लॅश शिकवलं. मी बी.ए. मराठी, प्रोग्रामिंगचं अक्षर येत नव्हतं. तरी महिनाभरात मी चंद्राच्या कलांचा धडा केला. मध्यभागी पृथ्वी, एका बाजूला सूर्य, आणि चंद्र बोटानं, म्हणजे माउसनं ओढून पृथ्वीभोवती फिरवायचा. फिरवत गेलं की कोपऱ्यात आपल्याला दिसणारी कोर बदलत जाते. एवढंच. फाइल इतकी छोटी की जुन्या फ्लॉपीवर मावेल. नेटची गरज नाही, आणि तेव्हा आमच्याकडे नेट होतं तरी कुठे?

सहावीतली एक मुलगी तो चंद्र पुढे-मागे, पुढे-मागे करत बसली होती. घंटा झाली तरी उठेना. मग म्हणाली, "बाई, म्हणजे अवसेला चंद्र असतोच की! आपल्यालाच दिसत नाही." मी वीसेक वर्षं फळ्यावर वर्तुळं काढून भूगोल शिकवला होता (मराठीच्या बाईंना भूगोलही घ्यावा लागे). हे वाक्य मला फळ्यानं एकदाही मिळवून दिलं नव्हतं. ते तिला तिच्या हातानं मिळालं. चित्रफीत दाखवून ते होत नाही, कारण चित्रफितीत चंद्र दुसरंच कुणीतरी फिरवत असतं.

असे मी तेरा धडे केले. त्यातले दोन आज नाहीत, कारण जुना संगणक भंगारात देताना मी त्यांची प्रत काढली नव्हती. तो दोष सर्वस्वी माझा. तेव्हा हे भांडण माझ्या धड्यांच्या नुकसानीचं नाही, हे आधीच स्पष्ट करते. भांडण आहे ते "कुणाचा दोष नसतो" या वाक्याशी.

चला, इतिहासाचा तास घेऊ. फक्त तीन मृत्यू तपासू.

पहिला जावाचा. १९९५ साली सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीनं जावा आणलं. कल्पना अशी की प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो विंडोज असो, मॅक असो, कुठल्याही यंत्रावर चालावा. ब्राउझरच्या पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामना ॲपलेट म्हणत. आता विचार करा, प्रोग्राम कुठेही चालायला लागला तर खाली विंडोजच हवं असा आग्रह कोण धरेल? मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये जावाचा परवाना घेतला आणि आपल्या पद्धतीचं, विंडोजला चिकटलेलं जावा बनवलं. १९९७ मध्ये सननं दावा लावला. २००१ मध्ये दोन कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीतून मायक्रोसॉफ्टनं जावा वगळलं. अमेरिकेच्या सरकारनं मायक्रोसॉफ्टवर जो मक्तेदारीचा खटला भरला होता, त्यात अपील न्यायालयानं २००१ मध्ये जावा वापरणाऱ्या प्रोग्रामरांची दिशाभूल केल्याचा ठपका कायम ठेवला. २००४ मध्ये सन आणि मायक्रोसॉफ्टनं उरलेली भांडणं मिटवली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सनला दीड अब्जाहून जास्त डॉलर दिले. ॲपलेट हळू होते, उघडायला वेळ घेत, हे खरंच. पण ज्या रोपाच्या मुळाशी शेजारी मीठ टाकतो आहे, त्याच्याबद्दल "बघा, वाढतच नव्हतं" असं म्हणणं हा कुठला न्याय?

त्याच काळातली एक जोडगोष्ट. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर सहा २००१ मध्ये आला. तोवर नेटस्केप हरलं होतं, दहातले नऊ लोक मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरत होते. मग सातवा कधी आला? २००६ मध्ये! पाच वर्षं. शर्यतीत कुणी उरलं नाही म्हटल्यावर धावायचं कशाला? आपल्या मराठी मंडळींना तो काळ आठवत असेल. युनिकोड रुळलं नव्हतं, मराठी पानं आपापले फाँट लावून येत, आणि त्यातली कितीतरी एकाच ब्राउझरमध्ये नीट दिसत. दुसऱ्यात उघडलं की प्रश्नचिन्हं आणि चौकटी. आपण मुकाट्यानं एकाच दारातून जात होतो, कारण बाकीची दारं आपल्या लिपीला उघडी नव्हती.

दुसरा मृत्यू सिल्व्हरलाइटचा. यात तर शेजारीसुद्धा नाही. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच फ्लॅशला टक्कर म्हणून ते आणलं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचं अमेरिकेतलं नेटवरचं प्रक्षेपण त्यावर झालं. नेटफ्लिक्सनं ते घेतलं. प्रोग्रामर मंडळींनी पुस्तकं विकत घेतली, शिकवण्या लावल्या, कंपन्यांनी आपली कामकाजाची सॉफ्टवेअर त्यात लिहून घेतली. २०१० च्या ऑक्टोबरात कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं मुलाखतीत सांगून टाकलं की आमचं धोरण आता बदललं आहे. गदारोळ झाला, सारवासारव झाली. डिसेंबर २०११ मध्ये पाचवी आवृत्ती आली, ती शेवटची मोठी आवृत्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठिंबा संपला. म्हणजे चार वर्षं वाजतगाजत मिरवणूक आणि पुढची दहा वर्षं नुसता सुतकाचा काळ. ज्यांनी शिकून घेतलं त्यांनी काय करायचं? पुन्हा पहिलीत बसायचं. आमच्या नात्यातला, सिल्व्हरलाइटचं काम करणारा एक मुलगा तेव्हा पस्तिशीचा होता. घराचा हप्ता चालू, लहान मुलगी, आणि रात्री जागून नवं काहीतरी शिकणं. त्याला कुणी "धोरण बदललं" म्हणून रजा दिली नाही.

आणि तिसरा मृत्यू आपल्या फ्लॅशचा.

फ्लॅशचं मूळ १९९६ चं. फ्यूचरस्प्लॅश नावाचं एक छोटं चित्रं हलवायचं साधन मॅक्रोमीडिया कंपनीनं विकत घेतलं आणि त्याचं फ्लॅश केलं. २००५ मध्ये मॅक्रोमीडियालाच ॲडोबीनं विकत घेतलं. त्या सुमारास जवळजवळ प्रत्येक संगणकावर फ्लॅश असे. यूट्यूब सुरू झालं ते फ्लॅशवर. मुलांचे खेळ, कार्टून, शाळांचे धडे, सगळं त्यातच. आणि महत्त्वाचं म्हणजे ते करणारे लोक सगळेच काही इंजिनियर नव्हते. चित्रकार होते, शिक्षक होते, शाळकरी मुलं होती.

२००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला आणि त्यात फ्लॅश नव्हतं. २९ एप्रिल २०१० ला स्टीव्ह जॉब्जनी फ्लॅशवर एक जाहीर पत्र लिहिलं. ते मी पुतण्याच्या नाकावर टिच्चून बसवून त्याच्याकडून समजून घेतलं. त्यात सहा कारणं आहेत. फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचं आहे, बॅटरी खातं, सुरक्षित नाही, बोटानं वापरायच्या पडद्यासाठी बनलेलं नाही, वगैरे. यातली बरीचशी खरी होती, मी नाकारत नाही. फ्लॅशला सतत भोकं पडायची आणि सतत ठिगळं लावावी लागायची. पण सहावं कारण देताना जॉब्जनी स्वतःच म्हटलं की हे सर्वांत महत्त्वाचं. ते असं, की प्रोग्राम लिहिणारा आणि आमचा फोन यांच्यामध्ये तिसऱ्या कुणाचा थर नको.

पत्रातलं हेच खरं पत्र! बाकी पाच कारणं म्हणजे मायना आणि "सप्रेम नमस्कार विनंती विशेष." मधे थर असला तर एकच खेळ आयफोनवर, दुसऱ्या फोनवर, संगणकावर, सगळीकडे चालेल. मग ॲपलच्या दुकानात यायचं कारण काय? ते दुकान २००८ मध्ये उघडलं होतं, आत काय येईल हे ॲपल ठरवत होतं आणि विक्रीतला तीस टक्के वाटा ॲपलचा होता. बरं, कुणी म्हणेल की फक्त ब्राउझरमधल्या फ्लॅशलाच विरोध होता. तसं नाही. एप्रिल २०१० मध्येच ॲपलनं नियम केला की फ्लॅशसारख्या बाहेरच्या साधनातून बनवून आयफोनसाठी रूपांतर केलेले प्रोग्रामसुद्धा चालणार नाहीत. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो नियम सैल केला. यात बॅटरीचा काय संबंध, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि गंमत बघा. फ्लॅश "एकाच कंपनीच्या ताब्यात आहे" अशी तक्रार कोण करत होतं, तर ज्याच्या फोनवर त्याच्या परवानगीशिवाय एक प्रोग्राम बसत नाही तो!

पण म्हणून ॲडोबी सुटली का? मुळीच नाही. खरा राग तर तिच्यावर आहे, कारण मूल तिचं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये तिनं मोबाइलमधलं फ्लॅश सोडून दिलं. जुलै २०१७ मध्ये, ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि फेसबुक यांच्या जोडीनं, जाहीर केलं की २०२० च्या अखेरीला सगळंच संपेल. साडेतीन वर्षं आधी सांगितलं हे चांगलं केलं, याचे गुण मी देते. पण नंतर काय झालं? ३१ डिसेंबर २०२० ला पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेयरच फ्लॅशची फाइल दाखवायला नकार देऊ लागला. नकार देण्याची व्यवस्था आधीच आत घालून ठेवली होती. हे "बंद पडणं" आहे? घड्याळाची किल्ली संपून ते थांबलं तर ते बंद पडलं. आत अमुक तारखेला काटे धरून ठेवणारी कळ बसवली असेल तर ते बंद पाडलं. पाचवीतलं पोरही हा फरक सांगेल.

याहून मोठा पुरावा पुढे आहे. ज्या मोठ्या कंपन्यांना आपल्या कामकाजासाठी फ्लॅश लागत होतं, त्यांना ॲडोबीनं हर्मन नावाच्या कंपनीकडून पैसे देऊन पाठिंबा घ्यायची वाट ठेवली. चीनमध्ये वेगळ्या वितरकामार्फत ते चालू राहिलं. मग मेलं कुणासाठी? तुमच्या-माझ्यासाठी, शाळेसाठी, घरी बसून कार्टून करणाऱ्या मुलासाठी. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्ये होते. त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये त्या अर्जांसाठी स्वतःचा वेगळा ब्राउझरच काढला! सरकार होतं म्हणून जमलं. शाळामास्तरानं कुठून काढावा ब्राउझर?

आता पुतण्याच्या बाजूनं बोलते, नाहीतर म्हणाल की म्हातारी एकांगी लिहिते.

तो म्हणतो, सुरक्षेचं काय? घरात चोर शिरत असेल तर दार बंद नको करायला? बरोबर. पण दार बंद करणं वेगळं आणि घरातल्या माणसांसकट दार भिंतीत चिणून टाकणं वेगळं. जुनी फाइल एका बंदिस्त पेटीत, नेटपासून तोडून, नुसती चालवता येईल असं करता आलं असतं. हे मी मनानं सांगत नाही. ते झालंच आहे! रफल नावाचा एक प्रोग्राम आहे, बव्हंशी स्वयंसेवकांनी लिहिलेला, सगळ्यांना खुला आणि फुकट. तो जुन्या फ्लॅशच्या फायली आजच्या ब्राउझरमध्ये सुरक्षितपणे चालवतो. २०२० च्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्हनं तो वापरून जुनी कार्टून आणि खेळ पुन्हा उघडे केले. फ्लॅशपॉइंट नावाच्या दुसऱ्या प्रकल्पात हौशी लोकांनी लाखाहून अधिक खेळ आणि चित्रं जमवून ठेवली. हौशी लोकांना जे जमतं ते अब्जावधी डॉलरच्या कंपनीला जमत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. फ्लॅशच्या फायलींची रचना ॲडोबीनं २००८ मध्ये खुली केली होती, त्याचा या लोकांना उपयोग झाला. हे तिचं चांगलं काम. पण २०१७ मध्ये प्लेयरही खुला करा असा विनंतीअर्ज निघाला, तो मात्र तसाच राहिला.

तो म्हणतो, काकू, फ्लॅश गेलं ते बरंच झालं. त्याच्या जागी खुली मानकं आली, कुणा एकाची मालकी नाही. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट सगळ्यांचं आहे. अरे बाबा, मानक सगळ्यांचं असेल, पण चूल कुणाची? मायक्रोसॉफ्टनंसुद्धा डिसेंबर २०१८ मध्ये आपलं स्वतःचं इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमवर ब्राउझर बांधायचं ठरवलं. ब्राउझरची नावं डझनभर, पण आत बघावं तर बहुतेकांच्या पोटात तेच एक यंत्र. २०२४ पासून गूगलनं क्रोममधल्या जोडप्रोग्रामांचे नियम बदलले आणि जाहिराती गाळणारी जुनी, दणकट साधनं त्यात चालेनाशी झाली. कारण सांगितलं सुरक्षा आणि वेग. असेलही. पण जिचं पोट जाहिरातींवर चालतं तिनं जाहिरात गाळणाऱ्यांचे नियम ठरवावेत, म्हणजे बोक्यानंच दुधाचं झाकण किती घट्ट असावं ते सांगण्यासारखं आहे.

ॲपलचंही तेच. आयफोनवर कुठल्याही नावाचा ब्राउझर घ्या, आत ॲपलचंच इंजिन असलं पाहिजे हा वर्षानुवर्षांचा नियम. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्यापुरती दुसऱ्या इंजिनांना वाट द्यावी लागली. तर त्याच्या आदल्या महिन्यात ॲपलनं युरोपमध्ये काय करायचं ठरवलं? वेबवरचे प्रोग्राम फोनच्या पडद्यावर स्वतंत्र ॲपसारखे ठेवायची सोयच काढून टाकायचं! आरडाओरडा झाला, आणि १ मार्चला निर्णय मागे घेतला. माझ्या दृष्टीनं त्या दोन-तीन आठवड्यांनी सगळं सांगून टाकलं. खुल्या मानकात लिहिलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला प्रोग्रामसुद्धा एका कंपनीच्या एका निर्णयानं घरातून बाहेर काढता येतो.

आणि फ्लॅशच्या जागी जे आलं त्यात आणखी एक फरक आहे, जो इंजिनियर मुलांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना त्याची झळ लागत नाही. फ्लॅशमध्ये मी, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, एका सुट्टीत चंद्र फिरवू शकले. आज तोच धडा करायचा तर पुतण्यानं दाखवलेल्या पानभर कोडकडे बघून माझा जीव दडपतो. चूल सुधारली असेल, पण सैपाकघर आता फक्त आचाऱ्यांचं झालं.

शेवटचा त्याचा मुद्दा: "कंपनीची वस्तू, कंपनीचा हक्क. ठेवेल नाहीतर मोडेल." यावर माझं उत्तर गावाकडचं आहे. आपल्याकडे एखाद्याच्या शेतातून लोक वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्कानं ये-जा करत असले तर कायदा त्या वाटेला मान देतो. त्याला वहिवाट म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, पण एका सकाळी उठून त्याला वाटेवर काटे टाकता येत नाहीत. का? कारण त्या वाटेच्या भरवशावर दुसऱ्यांनी आपली घरं, विहिरी, गोठे बांधलेले असतात. फ्लॅश चोवीस वर्षं होतं. त्याच्या भरवशावर लोकांनी जे बांधलं ते ॲडोबीचं नव्हतं, त्या लोकांचं होतं. संगणकाच्या जगाला हा कायदा लागू नाही, ठाऊक आहे मला. पण त्यामागची न्यायबुद्धी तरी लागू व्हायला काय हरकत आहे?

माझं मागणं फार नाही. कंपनीनं एखादं साधन सोडायचं ठरवलं तर सोडावं, कायम वागवत बसा असं मी म्हणत नाही. पण सोडताना ते चालवण्याची कृती लोकांच्या हातात द्यावी, म्हणजे ज्याला जपायचं आहे तो जपेल. आपल्या सरकारांनी आणि शिक्षण मंडळांनी मुलांसाठी काही डिजिटल बनवून घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की चूल कुणाची आहे आणि ती उद्या काढून नेली तर हे शिजणार कशावर? आणि आपण साध्या माणसांनी आपल्या मूळ फायलींच्या प्रती ठेवाव्यात. (हा शहाणपणा मला दोन धडे गमावून आला.)

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं. चहा गार झाला. मग तो जरा वेळानं म्हणाला, "काकू, मी सध्या ज्यात काम करतो तेही एका मोठ्या कंपनीनंच काढलेलं आहे." मी काहीच बोलले नाही. दिवाळीचे दिवस, उगाच कशाला पोराला घाबरवायचं? त्यानंच मग माझ्या संगणकावर रफल बसवून दिलं. अकराच्या अकरा धडे चालले. चंद्राचा धडा उघडला तेव्हा त्याची सहावीतली मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिनं काही न विचारता चंद्र ओढायला सुरुवात केली.

तेव्हा मंडळी, वहीत दुरुस्ती करून घ्या.

चूक वाक्य: फ्लॅश बंद पडलं.

बरोबर वाक्य: ॲपलनं फ्लॅशला फोनच्या दारातून आत घेतलं नाही, बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी ते आपापल्या ब्राउझरमधून बाहेर काढलं, आणि ॲडोबीनं स्वतःच्या हातानं ते बंद पाडलं.

वाक्य लांब झालं खरं. पण कर्ते तीन असले की वाक्य लांबतंच.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.